आण न घेता धरलेला दोर

"अगं, ऐकलंस का? त्या भिवाने दोर सोडला, आणि बयाजी..."

एवढंच ऐकू आलं बघा! सांगणारी डोक्यावर हंडा घेऊन पाणवठ्याच्या पायऱ्या चढत होती. तेवढ्यात वरून कुणीतरी तिला हाक मारली आणि ती तशीच पळत सुटली. वाक्य अर्धंच राहिलं.

आता अर्धं वाक्य कुणाला पचतं का? तुम्हाला पचेल? मला तर रात्रभर झोप येणार नाही. पाणवठ्यावर चौघी होत्या, त्यांनाही पचलं नाही. एक म्हणाली, "आणि बयाजी पडला." दुसरी म्हणाली, "पडला कसला, गेला!" तिसरी म्हणाली, "तरी मी सांगत होते, त्या माणसाच्या हातात दोर देऊ नका." चौथी भरलेली घागर तिथेच टाकून थेट बयाजीच्या घराकडे पळाली.

पण थांबा. मीही घाई करते आहे. सकाळपासून सांगते, म्हणजे तुमचं तरी अर्धं राहणार नाही.

गोष्ट फार जुनी. इतकी जुनी, की तेव्हा डोंगरांना अजून नावं पडली नव्हती. एका उंच कड्याच्या पायथ्याशी एक गाव होतं. कड्याच्या पोटाला आग्या मोहोळं लोंबायची, एकेक परातीएवढं. वर्षातून एक दिवस गावातला एक माणूस कमरेला दोर बांधून वरून खाली उतरायचा आणि मध काढायचा. त्या मधावर गावाचं औषधपाणी व्हायचं, बाळंतिणींचं व्हायचं, सणाच्या पोळ्या व्हायच्या.

या कामाचे काही रिवाज होते. दोराची गाठ उतरणाऱ्याच्या पाठीवर मारायची, पोटावर नाही, म्हणजे घाबरून त्याने ती स्वतःच सोडू नये. दोर झाडाला बांधायचा नाही. झाडाला बांधला की वरची माणसं गप्पा मारत बसतात! दोर माणसांनीच धरायचा. आणि पुढे कोण धरणार? उतरणाऱ्याच्या बायकोचा भाऊ. मागे कोण? त्याचा स्वतःचा भाऊबंद. बहिणीचं कुंकू ज्याच्या हातात, तो हात सैल पडणार नाही, असा हिशेब.

शेवटचा रिवाज आणेचा. कड्याच्या माथ्यावर देवाचं लहानसं देऊळ होतं. दोर धरणाऱ्याने देवापुढचा भंडारा, म्हणजे हळद, मुठीत घ्यायची आणि म्हणायचं, "काही झालं तरी दोर हातातून सोडणार नाही. सोडला तर माझ्या पोटच्यांचं वाटोळं होवो."

त्या वर्षी पाळी बयाजीची होती. मागे धरायला त्याचा चुलतभाऊ तुळाजी आला. तुळाजी मोठा भाविक, वाटेतल्या शेंदूर लावलेल्या दगडालाही चप्पल काढून नमस्कार करणारा. त्याने भंडारा उचलला, आण घेतली आणि डोळे पुसले. पुढे धरायला बयाजीचा मेहुणा आला, भिवा. नदीपलीकडच्या गावचा. अंगाने दणकट, बोलायला कमी.

गुरवाने भंडाऱ्याची वाटी त्याच्यापुढे केली. भिवाने हात पुढे केला नाही.

"घे की," गुरव म्हणाला.

"नको गुरवबाबा. मी दोर धरीन. आण नाही घेणार."

गुरवाने वाटी पुन्हा देवापुढे ठेवली.

"का रे बाबा?"

"देव आहे की नाही, मला ठाऊक नाही. ठाऊक नसलेल्याची आण घेतली, तर दोर धरायच्या आधीच मी लबाडी केली असं होईल."

अरे देवा! काय तो गलका! "नास्तिक!" "पलीकडच्या गावाला वळणच नाही!" "आज भंडारा नाकारतो, उद्या दोर सोडील!" एक म्हातारा तर काठीच आपटायला लागला.

गुरव मात्र समजूतदार माणूस. तो म्हणाला, "भिवा, मी तुला वाईट म्हणत नाही. पण खाली पोकळी आहे, वर ऊन आहे, हात घामेजतात, डोकं फिरतं. अशा वेळी माणसाला काहीतरी अडवणारं लागतं. तुळाजीला देव अडवील. तुला दोर सोडण्यापासून कोण अडवणार?"

"दाजी अडवतील," भिवा म्हणाला. "दोराच्या टोकाला तेच असतील ना."

गुरवाने बयाजीच्या बायकोला बोलावणं धाडलं. तिचं नाव येसू. त्या दिवशी उतरणाऱ्याच्या बायकोने चूल पेटवायची नाही आणि कड्याकडे पाठ करून घरात बसायचं, असाही एक रिवाज होता. पण अजून बयाजी उतरला नव्हता, म्हणून ती आली.

"येसू," गुरव म्हणाला, "कुंकू तुझं आहे. भाऊ तुझा आहे. तो आण घेत नाही. दुसरा कुणी बघायचा, का हाच?"

येसूने भावाकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे.

"लहानपणी आमच्याकडे एकदा खरवस झाला होता," ती म्हणाली. "कुणीतरी सगळा खाऊन टाकला. आईने सगळ्यांना देवापुढे उभं केलं. माझ्या दोन्ही मोठ्या भावांनी आण घेतली, आम्ही नाही खाल्ला. हा म्हणाला, 'आणबिण नको आई, मी खाल्ला.' मार खाल्ला आणि मग मला हळूच म्हणाला, 'तुझ्या वाटणीचाही खाल्ला गं, उद्या माझं दूध तू घे.' आणि दुसऱ्या दिवशी दिलं! दोर हाच धरील."

बयाजी हसला. "खरवस खाल्लास होय रे मेहुण्या? मग ताकद असेल." आणि त्याने पाठ वळवून गाठ मारून घेतली.

गावाने नाकं मुरडली, पण ज्याचा जीव त्याने हो म्हटल्यावर बोलणार काय? सगळं गाव खाली गेलं. येसू घरात जाऊन कड्याकडे पाठ करून बसली. गुरव देवळात दिवा लावून बसला. आणि बयाजी उतरला.

पहिलं मोहोळ काढलं. दुसरं काढलं. मधाच्या टोपल्या दुसऱ्या सुतळीने वर आल्या. दोर सगळा खाली गेला होता, वर फक्त दोघांच्या मुठीतलं टोक उरलं होतं. बयाजी एका गुहेच्या तोंडाशी, बोटभर रुंदीच्या कंगोऱ्यावर पाय टेकून उभा होता.

आणि झालं! कुठूनशी एक घार सरळ खाली आली आणि वरच्या मोहोळाला तिचा पंख घासला!

काय सांगू तुम्हाला! एक नाही, दोन नाही, बयाजीच्या डोक्यावरची तीन मोहोळं उठली. आधी गुणगुण, मग घोंघाट, मग सगळी हवाच काळी. वर ओढावं तर त्या तिन्ही मोहोळांतून ओढायचा. खाली सोडावा तर दोर संपलेला. एकच जागा होती, मागची गुहा. गुहा खोल, आत गारवा, अंधार. पण आत शिरायला आणखी दहा हात दोर हवा होता. बयाजी आत वाकला की दोर त्याला मागे खेचायचा, पुन्हा माशांच्या तोंडात. आणि गाठ पाठीवर! हात पोचेना.

तो खालून ओरडला. वर भिवाला नुसताच आवाज आला, शब्द नाहीत.

भिवाने तुळाजीला सांगितलं, "घट्ट धर," आणि पोटावर सरपटत कड्याच्या टोकाशी गेला. माशा त्याच्यावरही तुटून पडल्या. मानेवर, कानावर, पापणीवर. तो हलला नाही. ऐकलं आणि मागे आला.

"तुळाजी, दोर टाकायचा."

"काय?"

"दोर. सगळा. खाली टाकून द्यायचा."

"वेड लागलं का तुला?" तुळाजीने मुठी आणखी आवळल्या. "मी आण घेतलीय. काही झालं तरी सोडणार नाही म्हणालोय. तू नाही घेतलीस, तुझं काय जातंय?"

"दाजीच सांगताहेत, टाक म्हणून."

"आणि तू चुकीचं ऐकलं असशील तर?"

खरंच चुकीचं ऐकलं असेल तर? दोराचं ओझं काय थोडं असतं? बयाजी सावध नसेल, तर पडणारा दोरच त्याला ओढून नेईल. तेव्हा भिवाने काय केलं असेल, सांगा बघू? तो पुन्हा सरपटत टोकाशी गेला. पुन्हा माशा. आता एक डोळा पुरता मिटला होता.

"दाजी! परत सांगा!"

"दगडाला मिठी मारलीय!" खालून बयाजीचा आवाज आला, आता स्पष्ट. "टाक दोर! सगळा टाक!"

भिवा मागे आला. "आता?"

तुळाजी रडत होता. "भिवा, माझी दोन पोरं आहेत रे. आणेत त्यांचं नाव आहे."

देव नाहीच, तू उगाच घाबरतोस, असं भिवा म्हणाला असता तर गोष्ट तिथेच बिघडली असती. तो तसं म्हणाला नाही. त्याने एवढंच विचारलं, "तुळाजी, आण कुणासाठी घेतली होतीस?"

"बयाजीसाठी."

"मग बयाजी काय म्हणतोय ते ऐक."

तुळाजीने डोळे मिटले. ओठ हलले. "देवा, माझ्या पोरांना सांभाळ," असं काहीतरी तो पुटपुटला. आणि त्याने मुठी उघडल्या. भिवाने त्याच क्षणी आपल्या उघडल्या.

दोर सळसळत कड्यावरून खाली गेला.

आणि हे कुणी पाहिलं? खालच्या सगळ्या गावाने! माशांचं वादळ दिसलं, मग वरून दोर पडताना दिसला. बस्स. तेवढ्यावर गाव पेटलं. "सोडला! बिनआणेच्याने दोर सोडला!" पाणवठ्यापर्यंत बातमी पोचली ती अशी अर्धी.

आता पुन्हा त्या चौथीकडे या, जी घागर टाकून पळाली होती. ती धापा टाकत येसूच्या दारात पोचली. मागोमाग निम्मं गाव.

"येसू, भिवाने दोर सोडला गं!"

येसू म्हणाली, "कुणी पाहिलं?"

"सगळ्यांनी. वरून खाली आला दोर."

"कुठवर आला?"

"अर्ध्या कड्यावर लोंबतोय."

"लोंबतोय?" येसू ताडकन उभी राहिली. "खाली पडला नाही, लोंबतोय! अहो, मग त्याचं दुसरं टोक अजून कुणाच्या तरी पाठीवर आहे!"

आणि ती वळली. रिवाज गेला खड्ड्यात, तिने सरळ कड्याकडे तोंड केलं. गुहेच्या तोंडातून दोर लोंबत होता. आणि तो मधूनच हलत होता!

ती पदर खोचून वर धावली. मागे गाव. येसू नवऱ्यासाठी धावत होती, आणि मागचे बरेचसे भिवाला धरायला. हातात काठ्या होत्या. चढावर धाप लागलेली, तरी तोंड चालूच. "बहिणीच्या कपाळावर घाव घातला मेल्याने." "पळून गेला असेल एव्हाना नदीपलीकडे."

माथ्यावर पोचले तर काय? दोन माणसं खोबणीत टाचा रोवून दोर धरून बसलेली. एक तुळाजी, तोंड भोपळ्याएवढं सुजलेलं. आणि दुसरा, डोक्यावरचं मुंडासं सुटलेलं, सत्तरीचा म्हातारा गुरव!

हा दोर कुठून आला म्हणाल? तो देवाचा होता. दरवर्षीचा जुना दोर देवाला वाहून देवळात टांगून ठेवत, त्याला कुणी हात लावायचा नाही. बयाजी गुहेत सुखरूप शिरल्याची हाक आली, तसा भिवा देवळाकडे धावला होता. पण तो काही बोलायच्या आत गुरवाने स्वतःच खुंटीवरून दोर काढला. "ने," तो म्हणाला. "देवाला दोर कशाला हवा? तो कुठे उतरणार आहे?"

मग ओला पाला जाळून, धुराच्या टोपल्या खाली सोडून त्यांनी माशा शांत होण्याची वाट पाहिली. भिवाने ओली घोंगडी पांघरली आणि पाठीवर गाठ मारून घेतली. तुळाजीने घाबरत विचारलं होतं, "भिवा, मी परत आण घेऊ का रे?" भिवा म्हणाला होता, "तुला बरं वाटत असेल तर घे. मला तुझे हात पुरेत."

पण हे गावाला कुठे ठाऊक? काठीवाल्या म्हाताऱ्याने विचारलं, "तो भिवा कुठाय?"

गुरव दातओठ खात म्हणाला, "दोराच्या टोकाला."

सगळ्यांच्या नजरा कड्याच्या टोकाकडे वळल्या.

"बघत काय उभे राहिलात?" गुरव खेकसला. "म्हातारा आहे मी! दोघं चढणार आहेत, आम्हा दोघांच्याने ओढवायचे नाहीत!"

हातातल्या काठ्या खाली पडल्या आणि वीस हात दोरावर आले. येसू सगळ्यांच्या पुढे. काही जणांनी लगेच ओढायला सुरुवात केली, तसा तुळाजी ओरडला, "थांबा! आधी ऐका! तो म्हणेल तेव्हाच ओढायचं!" आणि तो, जो तासाभरापूर्वी रडत होता, पोटावर सरपटत टोकाशी गेला.

खालून हाक आली. "ओढा!"

आधी बयाजी आला. त्याचं तोंड इतकं सुजलं होतं, की येसूने क्षणभर ओळखलंच नाही. तोच म्हणाला, "घाबरू नकोस, आतला माणूस तोच आहे." मग दोर पुन्हा खाली गेला आणि भिवा आला. एक डोळा मिटलेला, दुसरा नुसती फट. येसूने त्याच्या पाठीवर असा एक रट्टा दिला, की तो कळवळला, आणि मग त्याच्या गळ्यात पडून ती मोठ्याने रडली.

मग गुरव धापा टाकत खाली बसला आणि त्याने सगळ्यांकडे पाहिलं. "आत्ता तुम्ही दहा जणांनी दोर धरला," तो म्हणाला. "आण कुणी घेतली होती?"

"वेळच कुठे होता गुरवबाबा?" काठीवाला म्हातारा म्हणाला.

"तरी कुणी सोडला नाही तो!" गुरव म्हणाला, आणि स्वतःशीच हसला. "मी चाळीस वर्षं आण देतोय. मला वाटायचं, दोर देवाच्या भीतीने धरला जातो. तुळाजीचं बळ देवाच्या नावात आहे, माझंही आहे, ते मी सोडणार नाही. पण आज मी दोर धरला तेव्हा मला भीतीबीती आठवली नाही. खाली बहिणीच्या नवऱ्यासाठी गेलेला एक पोरगा आहे, एवढंच डोक्यात होतं."

पुढच्या वर्षीपासून त्या गावात भंडाऱ्याची वाटी देवापुढेच राहू लागली. ज्याला हवा त्याने उचलावा, ज्याला नको त्याने नमस्कार करून किंवा न करता पुढे जावं. आणेतलं पोराबाळांचं वाटोळं मात्र गुरवाने काढून टाकलं. नवा रिवाज एकच आला आणि तो सगळ्यांना सारखा होता. दोर ओढण्याआधी किंवा सोडण्याआधी धरणाऱ्याने पोटावर झोपून कड्याच्या टोकाशी जायचं आणि उतरणाऱ्याची हाक आपल्या कानाने ऐकून यायचं. तुळाजीची दोन्ही पोरं हे काम शिकली, धडधाकट वाढली.

आणि पाणवठ्यावरची ती बाई? चौघींनी तिला दुसऱ्या दिवशी गाठलंच. "काय गं, काय सांगत होतीस तू? भिवाने दोर सोडला, आणि बयाजी... पुढे काय?"

"आणि बयाजी गुहेत शिरताना दिसला, असं सांगत होते! मी परत येईपर्यंत तुम्ही थांबलात कुठे?"

म्हणजे बघा, अफवा काही सगळी खोटी नव्हती. दोर सोडला होता, हे खरंच. फक्त ज्याने आण घेतली नव्हती त्याने एकट्याने नाही, तर ज्याने घेतली होती त्यानेही. आणि जीव घ्यायला नाही, तर वाचवायला.

बोध: देवाची आण घेणारे हातही चांगले असतात आणि न घेणारेही, कारण चांगुलपणा दोराच्या टोकाला असलेल्या माणसाच्या काळजीतून येतो.